वासाचा फोटो

आमच्या सोसायटीत जुनैदला नावं ठेवणारे पुष्कळ झालेत. लिफ्टमध्ये, किराणा दुकानात, खालच्या बाकड्यावर, जिथं बघावं तिथं तेच. 'याच्याच कंपनीनं आपला घात केला' म्हणे. त्यांना माझं सांगणं एवढंच, आधी माझ्या दारात या आणि माझ्यासमोर बोला. मी संध्या, तिसऱ्या मजल्यावरची, त्याच्या समोरच्या दाराची. माहेर सातारचं, तोंड फटकळ, आणि या प्रकरणात तर मी कुणाचीच भीड ठेवणार नाही.

जुनैद मूळचा मुरूडकडचा, कोकणी मुसलमान. बाप कुवेतला राबला, हा पनवेलला इंजिनियर झाला आणि महापेच्या एका कंपनीत लागला. बायको नफिसा, मुलगी नबीला. तळोज्याला आले तेव्हा नबीला रांगत होती, आता पहिलीला जाते. म्हणजे जात होती. माझ्या घरात ती इतकी असायची की माझ्या मिस्टरांच्या खुर्चीवर तिची रंगपेटी आणि मिस्टर सतरंजीवर. ईदला तिकडून सांदणं यायची, दिवाळीला इकडून चकल्या जायच्या. चकल्यांचा डबा हातात घेतला की जुनैद पहिला प्रश्न विचारणार, "ताई, यात काय काय घातलंय?"

"विष घातलंय. खा गपचूप," मी म्हणायची.

"सॉरी ताई, सवय. आमचं कामच तसलं."

त्याचं काम मला त्यानं एकदा समजावून सांगितलं होतं. आपण वेबसाइटवर फोटो टाकतो, कागद टाकतो, ते सगळं एका मोठ्या कम्प्युटरवर जाऊन पडतं. त्याला ते लोक सर्व्हर म्हणतात. त्या सर्व्हरच्या दारात हा. आत कोण येतंय ते बघायचं. वर फोटोचं नाव लिहिलेलं असलं तरी नावावर विश्वास ठेवायचा नाही, आत खरंच फोटो आहे का ते उघडून बघायचं. फार मोठा असेल तर परत पाठवायचा. आत घेतला तर त्याला आपलं नवं नाव द्यायचं आणि अशा खोलीत ठेवायचा, जिथून तो काही भानगड करू शकणार नाही.

"म्हणजे फोटोंचा वॉचमन," मी म्हटलं.

तो इतका खूश झाला की नफिसाला हाक मारून सांगितलं. "ऐकलंस का? ताईंना एका मिनिटात कळलं. तुला लग्नापासून सांगतोय."

आता वासाचं सांगते. तळोज्यात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी. कारखाने आमच्या खिडकीतून दिसतात. दिवसा सगळे सभ्य असतात. पहाटे, अजून फटफटायचं असतं तेव्हा, त्यातला कुणीतरी काहीतरी सोडतो. कधी नासक्या अंड्यांचा वास, कधी ऑइलपेंटचा, कधी ज्याला नाव नाही असला. घसा खरवडतो, डोळे चुरचुरतात. खिडक्या लावून घेतल्या तरी बाथरूमच्या जाळीतून येतो. आम्ही मोठी माणसं खोकतो, शिव्या घालतो आणि चहा टाकतो. नबीलाचं तसं नव्हतं. तिची छाती वाजायला लागायची. समोरच्या घरातून वाफेच्या मशीनची घरघर सुरू झाली की मला कळायचं, आज पुन्हा सोडलंय मेल्यांनी.

डॉक्टरनं नफिसाला सरळ सांगितलं होतं की या पोरीला औषध म्हणजे चांगली हवा. एक तर वास बंद करा, नाहीतर पोरीला हलवा. हलवणार कुठं? त्यांनी बघितल्या की दुसरीकडं जागा. फोनवर सगळं ठरायचं, आणि जुनैद नाव सांगितलं की नेरूळपासून खारघरपर्यंत प्रत्येक जागा नेमकी कालच गेलेली असायची. राहिलं मुरूड, नफिसाचं माहेर. म्हणजे बाप इकडं आणि लेक तिकडं. नबीला एवढीशी होती, पण तिला हे कळलं होतं. छाती वाजत असली तरी ती मला सांगायची, "मावशी, मला काही होत नाय. अब्बांना सांगू नको."

अशात सरकारी कार्यालयानं वासाच्या तक्रारींसाठी वेबसाइट काढली. नियम असा की एका भागातल्या पुष्कळ घरांनी तक्रार केली, तर पथक येणार, मशीन लावून पहाटेची हवा मोजणार आणि ज्यानं सोडलं त्याला धरणार. आम्हाला आणखी काय हवं होतं! आणि ही वेबसाइट जुनैदच्याच कंपनीनं केलेली. फोटोंचा भाग तर त्यानं स्वतः केलेला. नफिसानं त्या दिवशी शिरा केला होता.

मी तक्रार करायला बसले. नाव, पत्ता, वेळ, सगळं भरलं. खाली लाल अक्षरात आलं, 'फोटो जोडणे अनिवार्य आहे.'

माझं डोकंच फिरलं. उठले आणि समोरचं दार वाजवलं. "काय रे जुनैद, वासाचा फोटो कसा काढतात? शिकव मला."

तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "मी मीटिंगमध्ये हेच विचारलं होतं ताई. ते म्हणाले, पुरावा मागितला नाही तर लोक खोट्या तक्रारी करतील."

"आणि तू गप्प बसलास?"

"दोनदा बोललो. मग आशुतोष सर म्हणाले, आपल्याला काय सांगितलंय तेवढं करू." हा आशुतोष म्हणजे त्याचा साहेब.

लोकांनी काय काय फोटो टाकले! कुणी नाकाला रुमाल लावून सेल्फी, कुणी बंद खिडकी. आमच्या चेअरमनांनी, म्हणजे जयप्रकाश साहेबांनी, स्वतःच्या नाकाचाच क्लोजअप टाकला होता म्हणे. 'फोटोत धूर दिसत नाही' म्हणून त्या सगळ्या तक्रारी परत आल्या. एक दिवस पहाटे फजरची नमाज पढून जुनैद गच्चीवर गेला. हवा पडलेली होती, आणि एका धुराड्यातून पिवळट धूर निघून सरळ आमच्या बिल्डिंगकडं येत होता. त्यानं फोटो काढला. काय सुरेख फोटो आला होता, सुरेख म्हणायची लाज वाटते, पण तसा होता. धूर, धुराडं आणि कोपऱ्यात आमच्या बी विंगची टाकी, सगळं स्पष्ट. नफिसानं तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. जुनैद स्वतः ग्रुपवर असून नसल्यासारखा. सकाळच्या गुड मॉर्निंगांना कंटाळून त्यानं तो बंद करून ठेवला होता. कंपनीच्या नियमानं त्याला स्वतःला तक्रारही करता येत नव्हती, म्हणून त्या घराची तक्रार नफिसा करायची.

जयप्रकाश साहेबांनी लगेच फर्मान काढलं, 'सर्व सभासदांनी हाच फोटो जोडावा. एकजूट दिसली पाहिजे.' आम्ही एकजूट दाखवली. पुढं पाठवलेला फोटो उतरवून घेतला आणि घराघरातून तोच टाकला. शेजारच्या सोसायटीनं मागितला, त्यांना दिला. त्यांनी त्यांच्या पलीकडच्यांना दिला. हिरवी खूण यायची, 'आपली तक्रार नोंदवली आहे' असं यायचं, खाली तक्रार क्रमांक यायचा. मला आला तोच वरच्या मजल्यावरच्या नंदिनीला, नंदिनीला आला तोच नफिसाला. कुणाला काही वाटलं का? छे! चेअरमननी ग्रुपवर अभिनंदन केलं, 'आपल्या भागाला स्वतंत्र तक्रार क्रमांक मिळाला आहे!' त्यावर टाळ्या, हार, फटाके, सगळी चित्रं. मीही टाळ्या टाकल्या. सोसायटी म्हटली की सगळ्याला एकच नंबर असतो, पाण्याच्या मीटरला असतो तसा, असंच आम्हाला वाटलं.

मग वाट बघणं सुरू झालं. नबीला रोज शाळेतून आली की गेटवरच्या वॉचमनला विचारायची, "मशीनवाले काका आले?" मध्ये एकदा तिला असा त्रास झाला की ओठ निळे पडले. आम्ही रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेली. नफिसाच्या मांडीवर पोर, आणि माझ्या हातात ते वाफेचं मशीन, जे रिक्षात लावताच येत नाही हेही मला सुचलं नाही. डॉक्टर जुनैदवर ओरडले. "मी तुम्हाला किती वेळा सांगायचं?" जुनैद म्हणाला, "साहेब, थोडेच दिवस. पथक येणार आहे. सगळ्यांनी तक्रार केलीय."

त्याचा विश्वास होता हो. दुसऱ्या कुणावर नसेल, पण आपण केलेल्या कामावर होता.

पथक आलं नाही, उत्तर आलं. चेअरमननी ग्रुपवर टाकलं. 'आपल्या भागातून उक्त कालावधीत वासाबाबत एक तक्रार प्राप्त झाली आहे. सबब पथक पाठविण्याची आवश्यकता वाटत नाही.'

एक! मी तो कागद वाचला आणि चपला न घालताच समोर गेले. जुनैद नुकताच कामावरून आला होता, बॅग पण खांद्यावरच. मी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. "हे काय आहे? आम्ही सगळे मेलो होतो का?"

त्यानं वाचलं. मग विचारलं, "ताई, तुमचा तक्रार क्रमांक काय?"

मी सांगितला. त्यानं नफिसाकडं बघितलं. तिनं फोन काढून तोच वाचला. तो तिथंच खुर्चीवर बसला. "सगळ्यांना एकच नंबर आला?"

"हो, आपल्या भागाचा," नफिसा म्हणाली.

"भागाचा नंबर नसतो गं. माणसाचा असतो." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पाणी दिलं तर ते पण तसंच धरून बसला. मग एकेक सांगायला लागला. नेट कमी असलं की लोक बटण चारदा दाबतात, तोच फोटो चारदा येऊन पडतो, जागा खातो. म्हणून त्यानं असं केलं होतं की फोटो आला की त्याचा एक ठसा काढायचा, माणसाच्या बोटाचा असतो तसा. तोच ठसा आधी असेल तर फोटो पुन्हा ठेवायचा नाही, जुनाच वापरायचा. फोटो एक, पण तक्रार ज्याची त्याची. मग त्याला दुसऱ्या कामावर टाकलं. हे काम दुसऱ्याला देताना त्यानं हेच बजावून सांगितलं होतं. मागून कुणीतरी तक्रारींनाच तो ठसा लावला. फोटो तोच, म्हणजे तक्रार तीच. जुना नंबर द्या, हिरवी खूण दाखवा आणि माणसाला वाटेला लावा.

"मग आमच्या तक्रारी आहेत कुठं?" मी विचारलं.

"कुठंच नाहीत ताई. पहिल्या माणसाची ठेवली. बाकीच्यांची नावंसुद्धा लिहून घेतली नाहीत."

आतल्या खोलीत नबीला कविता पाठ करत होती. नफिसा उठली आणि तिनं ते दार हळूच ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो साहेबासमोर उभा राहिला. आशुतोष सरांचं म्हणणं असं की कार्यालयाला तक्रारी फार दिसत होत्या, कमी करून मागितल्या, आपण केल्या, ते लोक खूश आहेत. जुनैद म्हणाला, ते कमी करणं नाही, पुसणं आहे. चूक झाली म्हणून कळवू या, लोकांना पुन्हा संधी देऊ या. साहेब हसला. म्हणाला, "स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं? वेडबिड लागलंय का तुला? आणि लोकांना कुणी सांगितलं होतं सगळ्यांनी एकच फोटो टाका म्हणून?"

जुनैदनं स्वतःच्या नावानं कार्यालयाला लिहिलं. कार्यालयानं ते जसंच्या तसं कंपनीला पाठवलं. आठवड्याच्या आत जुनैद घरी. कार्यालयाचं त्याला आलेलं उत्तर मात्र फार नम्र होतं, 'नागरिक नव्याने तक्रारी नोंदवू शकतात.'

"झालं तर मग," तो मला म्हणाला. नोकरी गेल्याचं तोंडावर काही नाही. "पुन्हा करू ताई. या वेळी प्रत्येकानं आपापला फोटो काढायचा. आपल्या खिडकीतून, आपल्या मोबाइलवर. मग कुणाचा बापही पुसू शकत नाही." त्यानं सोसायटीची मीटिंग मागितली. मी म्हटलं, कशाला सगळं सांगतोस, नुसतं म्हण की पुन्हा करा. तो ऐकेना. लोकांना खरं कळलं पाहिजे म्हणे.

खरं कळलं. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून सगळे बसले होते. जुनैदनं ठशाचं सगळं सांगितलं, स्वतःचा भाग कुठला तेही सांगितलं. जयप्रकाश साहेबांना तर आयतंच मिळालं. "म्हणजे वेबसाइट तुमची, ठसा तुमचा, फोटोही तुमचाच. आणि मूर्ख आम्ही?"

"फोटो हाच टाका असं कोण म्हणालं होतं साहेब?" मी उठून विचारलं.

"संध्याताई, तुम्ही मध्ये पडू नका. एकजुटीला नावं ठेवू नका."

मागून कुणीतरी बोललं, "कारखान्यानं काय दिलं, ते पण सांगायला सांगा." आणि आणखी एक आवाज, "यांचं असंच असतं." यांचं म्हणजे कुणाचं, ते न सांगता सगळ्यांना कळलं. मी मागं वळून बघितलं तर सगळे मोबाइलमध्ये. नफिसा माझ्या शेजारी बसली होती. तिनं ओढणी सारखी केली आणि समोर बघत राहिली.

तरीसुद्धा तो दारोदार फिरला. हातात मोबाइल, खिडकीतून फोटो कसा काढायचा ते दाखवत. बेल वाजवायचा, लोक जाळीच्या दाराआडूनच बोलायचे. 'एकदा केलं ना.' 'आता टाइम नाही.' 'मुलांच्या परीक्षा आहेत.' ज्यांच्या खिडकीतून धुराडं अगदी समोर दिसतं, ते म्हणाले, "फ्लॅट विकायला काढलाय, गवगवा नको." मी केली तक्रार, नंदिनीनं केली, अजून दोन-चार घरांनी केली. तेवढ्यानं काय होतंय?

रोज पहाटे वास येतच होता. नबीला पुन्हा निळी पडली, तेव्हा नफिसानं बॅग भरायला घेतली. भांडण नाही, रडारड नाही. तिनं फक्त म्हटलं, "मी वाट बघितली, जुनैद." जाताना नबीलानं रंगपेटी माझ्याकडंच ठेवली. म्हणाली, "मावशी, मी येणारच आहे."

जुनैद इथंच राहिला. त्याच्या कामाची कंपनी मुरूडला कुठली असणार? आता घरी बसून कुणाकुणाची कामं करतो. आणि पहाटे गच्चीवर जातो, वास असेल त्या दिवशी नवा फोटो काढतो, नवी तक्रार टाकतो. आता तो कंपनीचा नोकर नव्हता, त्याला अडवणारा नियमही नव्हता. रोजचा फोटो वेगळा, रोजचा ठसा वेगळा, रोजचा नंबर वेगळा. मला हिरवी खूण दाखवायचा. एक दिवस खूण आली नाही. त्या जागी आलं, 'आपल्या मोबाइल क्रमांकावरून वारंवार तक्रारी आल्याने आपली सेवा थांबविण्यात आली आहे.'

अहो, सगळ्यांनी मिळून एक फोटो टाकला तर ते एकच माणूस धरतात, आणि एका माणसानं रोज नवा टाकला तर त्याला त्रासदायक म्हणतात. मग माणसानं करायचं काय? मी माझ्या नंबरवरून टाकू का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "तुमचा पण बंद करतील ताई. तुमचा ठेवा. कधी लागला तर असू दे."

परवा संध्याकाळी मी त्याला भाजी द्यायला गेले होते. एकटा माणूस, अंडी उकडून खातो. तेवढ्यात मुरूडचा व्हिडिओ कॉल आला. नबीला स्क्रीनमध्ये मावत नव्हती एवढी जवळ आलेली. गाल भरले होते पोरीचे, बघून बरं वाटलं. तिच्या हातात पेपर होता.

"अब्बा, नानांनी वाचून दाखवलं. तळोज्यातल्या वासाच्या तक्रारी बंद झाल्या. एक पण नाय आता! फोटो पण आलाय, कुणीतरी साहेब हसतायत त्यात."

जुनैदनं फोन दुसऱ्या हातात घेतला.

"मशीनवाले आले ना? तू केलंस ना अब्बा? मी नानांना सांगितलं, माझ्या अब्बांनी केलं." तिनं फोन खाली वळवला. कॉटवर तिची शाळेची बॅग भरून ठेवलेली होती, वर पाण्याची बाटली. "अम्मी म्हणते, तुला विचारल्याशिवाय निघायचं नाय. मग आज येऊ की उद्या?"

फोनमध्ये मागं नफिसा उभी होती. तिला सगळं माहीत होतं, पण तीही त्याच्याकडंच बघत होती. मी भाजीचा डबा ओट्यावर ठेवला. स्वयंपाकघरातली खिडकी उघडी होती, ती सवयीनं जाऊन लावून घेतली.

"अब्बा, सांग ना."

"आत्ता नको बेटा," जुनैद म्हणाला. "बॅग राहू दे भरलेली."